कोपरावरचा फुलटोच्या

बाबांनी मला दाखवलेला पहिला पक्षी मेलेला होता. डोळ्यांच्या जागी कापूस, पाय एकमेकांवर बांधलेले, पायाला दोऱ्याने अडकवलेली चिठ्ठी. त्यांच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लाकडी कपाटाला सपाट खण होते, त्यातल्या एका खणातून त्यांनी तो काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "ओळख." मी दुसरीत होते. मी म्हटलं, "चिमणीचं पिल्लू." "कशावरून?" मला काही सांगता येईना. "चूक. हा फुलटोच्या, आणि पूर्ण वाढलेला आहे," असं म्हणून त्यांनी पक्षी उचलला आणि खण बंद केला. तळहातावर नॅप्थलीनचा वास तेवढा राहिला.

बाबा नवी मुंबईतल्या एका कॉलेजात शिकवायचे. प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला ‘स्पॉटिंग’ नावाची एक परीक्षा असते. टेबलांवर ओळीने नमुने मांडतात, एकेका नमुन्यासमोर एकेक मूल उभं राहतं, काय आहे ते ओळखून कारण लिहितं, आणि घंटी वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकतं. बाकीचे मास्तर नमुना उघडा ठेवत. बाबा त्यावर रुमाल टाकून फक्त पाय बाहेर ठेवत, नाहीतर चोचीचं टोक. अख्खा पक्षी दाखवला तर शेंबडं पोरही ओळखेल, असं ते म्हणायचे. नावाला त्यांच्या लेखी किंमत नव्हती, ‘कशावरून?’ला होती. त्याचं उत्तर बरोबर आलं तर ते एकच शब्द बोलत, "शिकलास." हा शब्द वर्षातून एखाद्याच्याच वाट्याला यायचा आणि तो पोरगा मग दिवसभर व्हरांड्यातून छाती काढून फिरायचा. उत्तर आलं नाही की बाबा त्या मुलाच्या तोंडाजवळ घंटी वाजवून म्हणायचे, "पुढे."

घरी घंटी नव्हती, पोळी होती. जेवायला बसलं की ताटाशेजारी टेपरेकॉर्डर असायचा. कॅसेटवर पक्ष्याचा आवाज वाजायचा, तो ओळखून कारण सांगेपर्यंत मला दुसरी पोळी मिळत नसे. आई तवा उतरवून दाराशी उभी राहायची. एकदोनदा तिने ओठ हलवून मला उत्तर सांगायचा प्रयत्न केला, बाबांनी तिलाही उपाशी ठेवलं. हे सगळं ते रागाने करत नसत, मजेत करत. त्यामुळे त्यांच्यावर धड रागावताही येत नसे. पक्षी मात्र मला आले, असे आले की अजूनही कुकर लावताना बाहेर काय ओरडतंय ते मला आपोआप कळतं. "शिकलीस" हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. आई तर तो न ऐकताच गेली.

कामोठ्यातला माझा संसार लवकर आटोपला आणि मी नेरूळला, बाबांच्या फ्लॅटमध्ये परत आले. बॅग घेऊन दारात उभी होते तेव्हा ते बाल्कनीत बसले होते. खाली सोसायटीच्या आवारात आंब्याचं झाड आहे, त्याच्या फांद्यांवर बांडगूळ माजलं आहे. त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "चला, एक घरातही आलं."

मी म्हटलं, "बांडगूळ स्वतःहून येत नाही बाबा. फुलटोच्या फळं खातो आणि चिकट बी फांदीला पुसून जातो, तुम्हीच शिकवलंत. मला कुणी पुसलं इथे?"

"कारण बरोबर आहे," ते म्हणाले. "चहा टाक."

तर हा फुलटोच्या. सह्याद्रीतल्या सगळ्यात लहान पक्ष्यांपैकी एक, अंगठ्याएवढा, मळकट रंगाचा, बघावं असं त्यात काही नाही. आमच्या आंब्यावर येतो तो फिक्या, गुलाबीसर चोचीचा. त्याचा एक भाऊ आहे, निलगिरीचा फुलटोच्या. त्याची चोच गडद, आणि त्याला दमट, सदाहरित रान लागतं. या दुसऱ्याला पूर्वी स्वतंत्र मानतच नसत. हिमालयातला, अंदमानातला आणि आपल्या घाटातला, असे तिन्ही एकाच नावाखाली एकाच खणात पडलेले असायचे. पुढे अभ्यासकांनी पिसं तपासली, आवाज तपासले आणि तिघांची तीन नावं केली. बाबांचं म्हणणं, हे ते कधीपासून सांगत होते. कुणाला, असं विचारू नये, कारण ते आम्हाला सांगत होते, जेवताना.

निवृत्तीनंतर बाबा एका पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपात जाऊ लागले. नेरूळ, खारघर, पनवेल इकडची नोकरदार, पेन्शनर मंडळी. दर रविवारी पहाटे गाड्या काढायच्या आणि कर्नाळ्याच्या जंगलात जायचं. त्या रानात पक्षी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. वर पानांचं छप्पर, खाली अंधार, आणि कुठेतरी टिक टिक टिक. बाकीचे माना मोडून वर बघत बसायचे. बाबा मान खाली घालून ऐकायचे, एक हात वर करायचे आणि नाव सांगायचे. मग वादच नाही. ‘सरांचा कान’ असंच लोक म्हणायचे. निलगिरीचा फुलटोच्या इतक्या उत्तरेला, इतक्या सखल जंगलात येतो, हे कुठल्याच पुस्तकवाल्याला पटत नव्हतं, पण ग्रुपने ते मान्य केलं होतं. सरांनी ऐकला म्हणजे आहे.

आणि मग सरांचा कान गेला.

आधी डास गेले, मग दाराची बेल, मग कुकरची शिट्टी. वाशीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की माणसांचं बोलणं ऐकू येईल, कावळाही ऐकू येईल, वरचे बारीक आवाज मात्र आता येणार नाहीत. म्हणजे नेमका फुलटोच्या येणार नाही. कानात घालायचं यंत्र आणलं, ते त्यांनी घरात एकदा लावून बघितलं. पानं प्लास्टिकच्या पिशव्यांसारखी वाजतात म्हणाले आणि यंत्र डबीत टाकलं. खरं कारण वेगळं होतं. यंत्र बाहेरून दिसतं.

"हे घराबाहेर जायचं नाही," त्यांनी मला बजावलं. त्या ग्रुपात त्यांच्या हाती दुसरं काही नव्हतं. कॅमेरा नव्हता, गाडी नव्हती, स्वभाव तर नव्हताच. शेवटचा शब्द त्यांचा असायचा, तो त्या कानाच्या जोरावर. तो नाही हे कळलं असतं तर त्यांना कुणी रविवारी उठवायलाही आलं नसतं.

मी त्यांच्यासोबत जाऊ लागले. बाबा आता थकतात, आधार लागतो, असं ग्रुपला सांगितलं. पहिल्याच रविवारी ओढ्यापाशी वर कुठेतरी पक्षी ओरडायला लागला. सगळे थांबले आणि बाबांकडे बघू लागले. बाबांनी मान खाली घातली होती. चेहरा नेहमीसारखाच, पण मला कळलं की त्यांना काहीही ऐकू येत नाहीये. माझा हात त्यांच्या कोपराखाली होता. मी न ठरवताच त्यांच्या कोपरावर बोटाने ठोकायला लागले, पक्षी ओरडत होता तसंच. तीन झटपट, मग खंड, मग पुन्हा तीन. बाबा क्षणभर ताठ झाले. मग त्यांचा हात वर गेला. "फुलटोच्या. फिक्या चोचीचा."

त्यानंतर दर रविवारी हेच. मी नाव सांगत नसे, ताल देत असे. ओळखायचे तेच. शिंजीर कसा, वटवट्या कसा, सगळं बोटाने. सुरुवातीला चुकायचं, मग त्यांच्या कातडीला ते वळण पडलं. शेवटी शेवटी तर माझ्या बोटावरून ते लांबवरचा आणि जवळचा पक्षीही सांगायचे. याबद्दल आम्ही घरी एकदाही बोललो नाही. परत येताना ते गाडीत म्हणायचे, "आज चांगले ऐकू आले." मी खिडकीबाहेर बघायचे. कुणी विचारलं असतं तर मी हेही सांगितलं असतं की मला ते आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझी गरज होती, आणि मी एकही चूक करत नव्हते.

आता ग्रुपच्या अॅडमिनबद्दल. हा सारसोळ्याचा. घरची होडी, खाडीतली मासेमारी, पुढे गावठाणात इमारती उठल्या आणि हा बिल्डर झाला. मोठी गाडी, हातभर लांब लेन्स. ग्रुप त्यानेच काढलेला, नाश्तापाणी त्याचंच, आणि बाबांना तो वाकून नमस्कार करायचा, कारण कधीकाळी तो त्यांचा विद्यार्थी होता.

त्याची गोष्ट मला लहानपणापासून पाठ होती, कारण बाबा ती पाहुण्यांना करून दाखवायचे. स्पॉटिंगच्या परीक्षेत त्याच्यासमोर रुमालाखाली पक्षी होता, बाहेर दोन वाळके पाय. तो बाबांना म्हणाला, "सर, पाय बघून कोन वलखनार? फडका काढा ना." बाबांनी सगळी परीक्षा थांबवली. वर्गाला म्हणाले, "ऐका, यांना फडका काढून हवा आहे." मग त्याला पुन्हा पुन्हा तेच वाक्य म्हणायला लावलं, त्याच्याच बोलीत, आणि दर वेळी वर्ग हसला. शेवटी घंटी वाजवली. "पुढे." पुढे म्हणजे दारापर्यंत. त्याने नंतर प्राणिशास्त्र सोडलं. पाहुणे पोट धरून हसायचे. आई हसायची नाही, ती कप गोळा करायला लागायची.

मला वाटायचं, हा माणूस ते विसरला. इतकं हसून बोलतो, सरांना पुढच्या सीटवर बसवतो, थर्मासमधून चहा ओतून देतो. पण तो फोटोग्राफर होता. उडत्या पाखराच्या डोळ्यात फोकस धरणारा माणूस. एका सकाळी त्याने ग्रुपवर बाबांचा फोटो टाकला, ‘सर इन अॅक्शन’ असं लिहून. बाबांनी मान खाली घातलेली, हात वर. मी फोटो मोठा करून बघितला. माझं बोट कोपरापासून किंचित उचललेलं होतं, आणि अख्ख्या फोटोत तेवढंच धारदार आलं होतं. बाबा, झाड, सगळं थोडं धूसर.

मी बाबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "बरा आलाय." बोटाचं मी बोलले नाही. घरात त्या बोटाबद्दल बोलायची पद्धतच नव्हती.

पुढच्या रविवारी आम्ही अॅडमिनच्या गाडीतून गेलो. हिवाळा संपत आला होता, जंगलात धुकं होतं आणि ग्रुपातले नेहमीचे सगळे होते. किल्ल्याकडे चढणाऱ्या वाटेवर एक सपाट जागा आहे, तिथे आम्ही थांबतो. सगळे बसले. अॅडमिन उभाच राहिला आणि म्हणाला, "सर, एक हेल्प पायजे. काल मी हितंच एक कॉल रेकॉर्ड केलाय. माझ्या मते तुमचा निलगिरीवाला हाय. तुमी कन्फर्म केलात तर मी तो पक्ष्यांच्या नोंदी ठेवनाऱ्या साइटवर पाठवतो. एकदा तिकडं अॅक्सेप्ट झाला ना, मग कर्नाळ्याचा फुलटोच्या कायमचा पक्का. सगळ्या पुस्तकवाल्यांची बोलती बंद."

बाबांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांचा हट्ट, त्याला आता पुरावा मिळणार होता. ते उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिले, हात कोपराखाली.

अॅडमिनने मोबाइल बाबांच्या कानाजवळ धरला आणि बोटाने स्क्रीन दाबली.

काहीच वाजलं नाही. मला वाटलं, सुरू व्हायचा असेल. मग मी बाकीच्यांकडे बघितलं. खारघरचे बँकवाले काका डोळे मिटून मान डोलवत होते, जणू गाणं चाललंय. त्यांच्या बायकोने ओठ आत दाबून धरले होते. कोणीतरी "वा," असं पुटपुटलं. मी अॅडमिनकडे बघितलं. तो बाबांकडे बघत नव्हता. तो माझ्या बोटाकडे बघत होता.

तेव्हा मला समजलं. ठोकावं तर मी खोटी पडणार, न ठोकावं तर बाबा एकटे पडणार. "वाजत नाहीये" असं ओरडावं तर बाबांना ते कळलं नव्हतं हे सगळ्या जंगलाला कळणार. माझं बोट कोपरावर तसंच टेकून राहिलं, हललं नाही. बाबांनी कोपर हळूच माझ्या बोटावर दाबलं. एकदा, मग पुन्हा जरा जोरात. त्या दाबाचा अर्थ मला नीट कळत होता, आणि माझ्याकडे त्यांना द्यायला काही नव्हतं.

बाबांनी हात वर केला.

"निलगिरीचा," ते म्हणाले. "शंकाच नाही."

"कशावरून, सर?" अॅडमिनने विचारलं. त्याने तो शब्द असा उच्चारला की बाबांच्याच तोंडून आल्यासारखा वाटला.

आणि बाबा बोलायला लागले. ते किती सुरेख बोलले, हे मला सांगितलंच पाहिजे. फिक्या चोचीचा एकसुरी ओरडतो, याच्या सुरात शेवटी किंचित कड येते. त्याचे टोले सुटे पडतात, याचे एकमेकांत शिरतात. पानांच्या दाटीत राहणाऱ्याला असाच आवाज लागतो, उघड्यावरच्याला वेगळा. नुसतं बाह्यरूप बघून वर्गीकरण करणाऱ्यांनी या पक्ष्यावर किती अन्याय केला. ते वर्गात शिकवत तसे शिकवत होते, बोट नाचवत, आणि शिकवता शिकवता त्यांचा आवाज चढला होता. त्यांना खरोखर तो पक्षी ऐकू येत होता असं मला वाटलं.

अॅडमिनने सगळं बोलून होऊ दिलं. मग मोबाइल फिरवून स्क्रीन त्यांच्या डोळ्यांसमोर धरली.

"सर, आवाज बंद हाय," तो म्हणाला. "मघापासून बंदच हाय."

आधी बँकवाले काका हसले, नाकातून. मग बाकीचे. मोठ्याने नाही, सुशिक्षित लोक हसतात तसे, मान वळवून, बुटांकडे बघत. बाबा स्क्रीनकडे बघत राहिले. अॅडमिन हसला नाही. त्याने मोबाइल खिशात टाकला, जंगलातल्या वाटेकडे हात केला आणि अगदी अदबीने म्हणाला, "पुढे, सर."

सगळे पुढे गेले. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. नेमका तेव्हा वर पानांत एक फुलटोच्या ओरडायला लागला. कुठला ते मी बघितलं नाही.

परत जायला त्याचीच गाडी होती. दुसरं काही मिळालंही नसतं. बाबा पुढच्या सीटवर बसले, त्याने त्यांचा बेल्ट लावून दिला. पळस्पे फाट्यावर त्याने गाडी थांबवून विचारलं, "सर, वडापाव?" मला वाटलं, बाबा नाही म्हणतील. त्यांनी दोन खाल्ले. मिरचीही खाल्ली. मी मागे बसून त्यांच्या मानेकडे बघत होते. मला त्या बिल्डरच्या कानाखाली आवाज काढावासा वाटत होता, आणि बाबांच्याही.

घरी आल्यावर ते बाल्कनीत बसले. मी चहा नेऊन दिला. मला रडू येत होतं. त्यांना जवळ घ्यावं असं, आश्चर्य आहे, पण वाटत होतं.

"पोरगा शिकला," बाबा म्हणाले.

"काय?"

"बघ ना. नमुनाच ठेवला नाही. मी पाय तरी बाहेर ठेवायचो, याने रुमालाखाली काहीच ठेवलं नाही. आणि कारण विचारलं, नावावर सोडलं नाही. परीक्षा अशी घ्यावी लागते." त्यांच्या आवाजात कौतुक होतं, खरंखुरं कौतुक. त्यांनी माझ्याच देखत अॅडमिनला फोन लावला, स्पीकरवर, कारण नाहीतर ऐकू येत नाही. "मी बोलतोय. परीक्षा चांगली घेतलीस. शिकलास."  पलीकडून त्या बिल्डरचा आवाज आला, बदललेला, "हां सर. थँक्यू सर." इतक्या वर्षांनी त्याला तो शब्द मिळाला होता. माझी खात्री आहे, तो कुठेतरी गाडी बाजूला लावून रडला असणार.

फोन ठेवून बाबा माझ्याकडे वळले. "तू मात्र वेंधळीची वेंधळी. बोट ठेवून काय उभी राहिलीस?"

"काय ठोकणार होते मी? काही वाजतच नव्हतं."

"मग बोट उचलायचं. कोपरावरून बोट उचललंस की मला कळलं असतं, आवाज नाही. एवढं साधं कारण सुचलं नाही तुला."

ते खरं होतं, आणि त्यामुळे माझं डोकं आणखी भडकलं. मी तोंडाला येईल ते बोलले. किती रविवार मी तुमचा कान होऊन उभी राहिले, आईला तुम्ही पोळीसाठी उपाशी ठेवलंत, आणि ज्याने तुम्हाला चार लोकांत उघडं पाडलं त्याला तुम्ही तो शब्द देता. मला का नाही? ते शांतपणे ऐकत होते. माझा आवाज खालचा आहे, तो त्यांना ऐकू येतो. मी थांबल्यावर म्हणाले, "तू ठोकत होतीस ते सांगणं झालं. त्यात परीक्षा कुठे होती?"

ग्रुपमधून त्यांना कुणी काढलं नाही. रविवारचा मेसेज अजून येतो, किती वाजता, कुठे भेटायचं. फक्त "सर येताय ना?" असं कुणी विचारत नाही. एकदा ते कॅप घालून, दुर्बीण गळ्यात अडकवून खाली गेटपाशी जाऊन उभे राहिले. गाड्या पाम बीच रोडवरून परस्पर निघून गेल्या होत्या. वॉचमनने त्यांना खुर्ची दिली. वर आल्यावर म्हणाले, "उन्हं फार झाली आहेत." ग्रुपने केलेल्या कर्नाळ्याच्या यादीतून निलगिरीचा फुलटोच्या वगळला गेला, ते मला ग्रुपवर कळलं. त्याखाली सगळ्यांनी अंगठे दाखवले होते, पहिला बँकवाल्या काकांचा. बाबांना मी ते वाचून दाखवलं, नीट, सावकाश, एकही शब्द न गाळता.

आता बाबा बाल्कनीतच बसतात. मी ऑफिसला जाण्याआधी शेजारच्या खुर्चीत चहा पिते. ते डावं कोपर खुर्चीच्या दांड्यावर ठेवतात, माझ्या बाजूला, जरा बाहेर काढून. मागत काही नाहीत, नुसतं ठेवतात. त्या रविवारपासून मी त्याला हात लावलेला नाही.

परवा सकाळी आंब्यावरच्या बांडगुळात फुलटोच्या ओरडायला लागला. अगदी जवळ, रेलिंगपासून हातभर अंतरावर. टिक टिक टिक, खंड, टिक टिक टिक. बाबांचं कोपर आणखी थोडं सरकलं.

"काही आहे का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने दुर्बीण उचलली आणि बांडगुळावर धरली. डोळे अजून उत्तम आहेत त्यांचे. मी कप तोंडाला लावून बसले होते. बराच वेळ ते हलले नाहीत.

"फिक्या चोचीचा," ते दुर्बीण न काढता म्हणाले. "चोच उघडतोय. मिटतोय. उघडतोय."

 फुलटोच्या ओरडतच होता, गळा फुगवून, तो त्यांना दिसत होता आणि मला ऐकू येत होता.

त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. कोपर दांड्यावरून उचलून मांडीवर घेतलं. मग माझ्याकडे बघितलं, कॉलेजातल्या त्या मुलांकडे बघायचे तसं, प्रसन्न चेहऱ्याने.

"शिकलीस," ते म्हणाले.

आणि खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की ऑफिसला जाताना जिन्यात मी मोठ्याने हसले. वर बाल्कनीत बाबा त्या उघडमीट करणाऱ्या चोचीकडे बघत बसले होते.